पेडण्यात वायंगण भुईमुगाला सबसिडी किती आणि ती पदरात कशी पाडायची

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. गोव्यात पेडण्याला घरची चार हजार चौरस मीटर वायंगणाची (पावसाळ्यानंतर पीक घेतात ती) शेती, पाच वर्षं पड, वडलांना आता वाकवत नाही, तू मोपाला एअरपोर्टवर शिफ्टमधे कामाला आणि या डिसेंबरात भुईमूग पेरायचा म्हणतोस, जमलं तर पुढे लाकडी घाणा घालायचा, आणि कुणीतरी तुला सांगितलंय की केंद्रानं तेलबियांसाठी दहा हजार कोटी काढलेत तर आपल्याला एकरी किती मिळतील. मी पंचवीस वर्षं वायंगणात भुईमूग करतोय आणि त्यातली बरीच वर्षं गावातल्या लोकांचे शेतीखात्याचे फॉर्म भरून देतोय, त्यामुळे जे स्वतः केलंय तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट ते दहा हजार कोटी. ती बातमी खरी आहे. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्रानं खाद्यतेल तेलबिया मिशन मंजूर केलं, 10,103 कोटींचं, 2024-25 ते 2030-31 अशी सात वर्षं. आपण देशात जेवढं तेल खातो त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं म्हणून तेलबियांचं उत्पादन 390 लाख टनांवरून 697 लाख टनांवर न्यायचं असा त्याचा हिशेब आहे आणि भुईमूग त्यात आहे. पण त्यात शेतकऱ्याच्या अकाउंटला एकरी अमुक रुपये असं काही नाही. ते पैसे येतात ते क्लस्टर करून येतात, म्हणजे एका भागातले शेतकरी, त्यांची एखादी कंपनी किंवा सोसायटी, त्यांना चांगलं बियाणं फुकट, प्रशिक्षण, हवामानाचा आणि किडीचा सल्ला, आणि अशा गटांना काढणीनंतरच्या सोयीसाठी मदत. एकटा माणूस चार हजार मीटर घेऊन त्या दारात उभा राहिला तर त्याला क्लस्टरमधे नाव घाल एवढंच सांगणार. म्हणून तुझ्या वाड्यावरचे, शेजारच्या मेरेवरचे (बांधावरचे) जे कोण पेरणारे आहेत त्यांना धरून झेडएओ ऑफिसात म्हणजे तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात जा आणि विचारा की या हंगामात भुईमुगाचं क्लस्टर किंवा प्रात्यक्षिक कुठल्या गावात घेताय, आमचं गाव घ्या. पाच-सहा जणांची एकत्र वीसेक हजार मीटर जमीन दाखवलीत तर बोलणं वेगळं होतं, हे मी अनुभवानं सांगतो.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. भुईमुगाला एक कॅलेंडर आहे आणि सबसिडीला दुसरं, आणि ही दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. वायंगणातला भुईमूग जमिनीतल्या ओलीवर उठतो. शरदाचं म्हणजे पावसाळ्यातलं भात कापलं की शेतात जी ओल राहते ती पंधरा-वीस दिवसांची पाहुणी, नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरलंत तर उगवण एकसारखी येते, त्यानंतर मग पाणी देऊन उगवावं लागतं आणि काढणी एप्रिलच्या पुढे ढकलली जाते, आणि मे महिन्यातला एखादा वळवाचा पाऊस शेंगांवर आला की दाणे शेतातच उगवतात. सबसिडीचं मात्र तसं नाही, तिथे अर्ज, पाहणी, मंजुरी, बिल, परत पाहणी आणि मग पैसे. एक वर्ष मी अनुदानाच्या बियाण्याची वाट बघत बसलो, आज येईल उद्या येईल, ते आलं डिसेंबर अर्धा झाल्यावर, तोवर शेत कडक होऊन भेगा पडलेल्या. त्या वर्षी मला बियाणं अर्ध्या किमतीत मिळालं आणि शेंगाही अर्ध्याच मिळाल्या. तेव्हापासून मी ठरवलंय की नोव्हेंबरच्या 10 तारखेपर्यंत सबसिडीचं बियाणं हातात नसेल तर स्वतःच्या पैशानं घ्यायचं आणि पेरायचं, सबसिडी गेली तरी चालेल पण ओल जाता कामा नये.

म्हणून आत्ता, गणेशचवथीच्या आधी, तुझं काम कागदाचं आहे, शेतातलं नाही. एक-चौदाचा उतारा (जमिनीचा मालक, कूळ आणि पीक दाखवणारा कागद) काढ आणि तो नीट वाच, म्हणजे फक्त सर्व्हे नंबर आणि क्षेत्र बघून घडी घालून ठेवू नकोस. त्यात मालकाचा रकाना वेगळा आणि कुळाचा वेगळा. पेडण्यात बहुतेक वायंगणं भाटकाराच्या (जमीनदाराच्या) नाहीतर देवस्थानाच्या नाहीतर कोमुनिदादीच्या (गावाच्या सामायिक जमिनीच्या जुन्या संस्थेच्या) नावावर आणि कुळाच्या रकान्यात आजोबांचं नाव, कधी कधी तर पणजोबांचं. 1964 चा कूळ कायदा, मग 1976 ची पाचवी दुरुस्ती ज्यानं कुळाला मालक मानलं, हे सगळं झालं तरी लोकांनी पुढचे कागद केलेच नाहीत, खरेदीची सनद घेतली नाही, आजोबा गेल्यावर म्युटेशन म्हणजे वारसांच्या नावाची नोंद केली नाही. आणि सबसिडी ही ज्याच्या नावाचा कागद त्याची, राबणारा कोण हे कॉम्प्युटरला कळत नाही. मला याचं फार वाईट वाटतं कारण गोव्यात राबणारे हात आधीच कमी आणि जे आहेत तेच कागदावरून बाहेर. तुझ्या बाबतीत आजोबांचं नाव निघालं तर वारसांचा कागद, म्हणजे स्पेशल नोटरीकडचं सक्सेशन डीड (वारस कोण ते सांगणारा दस्त) किंवा वाद असेल तर कोर्टातली इन्व्हेंटरी (वाटणीचं काम), हे एका महिन्यात होणार नाही, पण त्यामुळे या वर्षीचं पीक अडवायचं नाही. वडलांचे भाऊ-बहिणी यांच्याकडून ना हरकत लिहून घे की हा शेती करतो आणि याला मदत मिळायला आमची हरकत नाही, ते घेऊन ऑफिसात विचार. आत्यांना विसरू नकोस, आपल्याकडच्या कायद्यानं त्यांचा हिस्सा असतो, आणि सही राहिली की फाइल तिथेच अडते.

मग कृषी कार्ड, म्हणजे शेतीखात्याचं शेतकऱ्याचं कार्ड. ते नसेल तर बाकी काही बोलायलाच नको, राज्याच्या जवळजवळ सगळ्या योजना त्याच्यावरच चालतात. वडलांच्या नावानं जुनं असेल तर त्यात या सर्व्हे नंबरचं क्षेत्र घातलंय का बघ, कारण बऱ्याच जणांच्या कार्डात फक्त माडांचं कुळागर (बाग) असतं आणि वायंगण राहून गेलेलं असतं, मग बियाण्याचा अर्ज केला की शेतच दिसत नाही. क्षेत्र आपण मीटरमधे बोलतो पण योजना सगळ्या हेक्टरी, 10,000 मीटर म्हणजे एक हेक्टर, म्हणजे तुझं 0.4 हेक्टर. हेक्टरी रक्कम ऐकून खूश होण्याआधी ती 0.4 नं गुणायची सवय लाव.

बँकेचं अकाउंट आधारशी जोडलेलं आहे का हेही आत्ताच बघून घे, नुसतं केवायसी झालं म्हणजे जोडलं असं नाही, थेट पैसे जमा होण्यासाठी एकच अकाउंट मॅप झालेलं असतं आणि ते कुठलंतरी जुनं विसरलेलं असू शकतं. माझे स्वतःचे एका वर्षीचे पैसे असे एका बंद पडलेल्या अकाउंटच्या नादात आठ महिने अडकले होते.

पंपसेट, पॉवर टिलर, शेंगा फोडायचं मशिन, तुषार सिंचन, कुंपण, यांच्या बाबतीत एकच नियम डोक्यात ठेव, मंजुरी आधी आणि खरेदी नंतर. मी एकदा दुकानदारानं सांगितलं म्हणून पंप आधी घेतला आणि बिल भावाच्या नावानं झालं कारण त्या दिवशी पैसे त्यानं दिले होते. तारीख चुकलेली, नाव चुकलेलं, अर्ज परत आला आणि त्यात ऑफिसची काही चूक नव्हती. बिल अर्जदाराच्या नावानं, जीएसटी असलेलं, पैसे अर्जदाराच्याच अकाउंटमधून. यंत्रांना केंद्राच्या योजनेतून साधारण 40 ते 50 टक्के असतात, छोट्या शेतकऱ्याला आणि बायकांना 50. ठिबक-तुषारला छोट्या शेतकऱ्याला 55 टक्के, बाकीच्यांना 45, आणि राज्य त्यावर आपली भर घालू शकतं, ती त्या वर्षी किती ते विचारून घ्यायचं. तू दोन हेक्टरच्या आत आहेस म्हणजे छोट्या शेतकऱ्यांत बसतोस, तसा दाखला काढून ठेव.

तरी चार हजार मीटरसाठी टिलर विकत घेऊ नकोस. पन्नास टक्के सुटतात म्हणून घेतलेले टिलर मी कितीतरी खळ्यांत ताडपत्रीखाली बघितलेत. नांगरणी भाड्यानं कर.

कुंपणाचं मात्र मनावर घे आणि तो अर्ज सगळ्यात आधी टाक. पूर्वी आमच्याकडे कोल्हा आणि उंदीर एवढंच होतं, आता रानडुक्कर आहे, गवे खाली उतरतात, आणि मोर. भुईमूग पेरला की पहिले आठ दिवस मोर ओळीनं चालत जाऊन दाणा उकरतो, पेरणाऱ्या माणसापेक्षा सरळ ओळीत चालतो. डुक्कर येतं ते शेंग भरल्यावर, एका रात्रीत पाचशे मीटर उलथून टाकतं. बियाण्याला, खताला सबसिडी मिळाली आणि कुंपण नसलं तर सगळं डुकराच्या पोटात. शेजारी-शेजारी मिळून एकच कुंपण घातलं तर खर्च फार कमी होतो, चार जणांचे चौकोन वेगवेगळे घेरण्यापेक्षा एकच मोठा घेर घ्या, आणि हीच गोष्ट वर सांगितलेल्या क्लस्टरलाही उपयोगी पडते.

बियाण्याचं थोडं सविस्तर सांगतो कारण भुईमुगात खरा खर्च तिथेच आहे. चार हजार मीटरला 40 ते 50 किलो फोडलेले दाणे लागतात, भातासारखं मूठभर बियाणं नाही हे. टीएजी-24 ही ट्रॉम्बेची जात कमी उंचीची, लवकर येणारी, वायंगणाला चांगली. जीपीबीडी-4 धारवाडची, ती टिक्का आणि तांबेरा या पानांवरच्या रोगांना टिकते, आपल्याकडे सकाळी दव पडतं तिथे याचा फायदा दिसतो. कोंकण गौरव दापोलीची, तीही लोक करतात. कुठली घ्यायची यावर जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन एकदा बोल, ते केंद्र तिथल्या किनारी कृषी संशोधन संस्थेच्याच आवारात आहे, आणि माती पण तपासून घे. आपली माती आंबट, चुना लागतो, आणि आऱ्या (फुलानंतर जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटताना जिप्सम लागतंच, हेक्टरी 400 ते 500 किलो म्हणजे तुला दोनशेच्या आत. जिप्सम घातलं नाही तर वरून झाड हिरवंगार आणि खाली शेंगा पोचट, आणि मग माणूस बियाण्याला शिव्या घालतो.

सबसिडीचं बियाणं आलं म्हणजे ते उगवणारच असंही धरू नकोस. पिशवी उघडल्या दिवशी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेव, सहा दिवसांनी बघ, सत्तरच्या वर उगवले तर ठीक, नाहीतर परत कर नाहीतर दाट पेर. शेंगा घरी फोडायच्या, पेरणीच्या अगोदर आठवड्याभरात, हातानं. वरची लाल साल फाटलेले दाणे बाजूला. पेरताना आधी बुरशीनाशक किंवा ट्रायकोडर्मा आणि शेवटी रायझोबियम. पुढच्या वर्षीपासून स्वतःचं बियाणं राखायला लाग, भुईमुगाचं परपरागीकरण होत नाही जवळजवळ, त्यामुळे दोन-तीन वर्षं तेच बियाणं चालतं आणि सरकारी गाडीची वाट बघावी लागत नाही.

पाणी. तिळारीचा कालवा तुझ्या भागात येतो का आणि कुठल्या महिन्यात बंद ठेवतात हे पेरायच्या आधी विचार. फुलं येताना, आऱ्या जमिनीत जाताना आणि दाणा भरताना अशी तीन वेळा भुईमुगाला पाणी चुकवून चालत नाही, आणि दुरुस्तीसाठी कालवा नेमका फेब्रुवारीत बंद असला तर तुझी विहीर किंवा ओढ्यावरचा बंधारा पुरेल का याचा विचार आत्ता करायचा.

विक्रीचं बोलू. 2025-26 चा भुईमुगाचा हमीभाव 7,263 रुपये क्विंटल, आदल्या वर्षी 6,783 होता. पण गावातून कुणी पोतं घेऊन हमीभावाच्या काट्यावर गेला आणि पैसे घेऊन आला असं मी माझ्या पंचवीस वर्षांत बघितलं नाही. नारळ, काजू, भात यांना राज्याची आधारभूत किंमत आहे आणि तिचा लोकांना खरोखर उपयोग होतो, विकल्याची बिलं सोसायटीची असली की फरक अकाउंटला येतो. भुईमुगाचा हमीभाव हा तुझ्यासाठी फक्त एक रेघ आहे, व्यापारी त्याच्या खाली मागायला लागला तर देऊ नकोस एवढ्यापुरती. चार हजार मीटरात जमलेल्या पिकाला सहा-सात क्विंटल वाळलेल्या शेंगा येतात. सात धरल्या तरी हमीभावानं 50,841 रुपये होतात, आणि त्यातून बियाणं, नांगरणी, काढणीची माणसं जातात. काढणी आणि शेंगा तोडणं हे बायकांचं काम आणि ती माणसं आता मिळत नाहीत, मिळाली तर दिवसाची मजुरी मोठी. म्हणून आम्ही पोत्यानं विकत नाही. अर्धा माल ओल्या शेंगा म्हणून जातो, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ताज्या गावठी शेंगांना गिऱ्हाईक उभं राहतं, आणि बाकीचा वाळवून दाणे करून घरोघरी. गावठी शेंगदाणा म्हटल्यावर लोक बाहेरच्या मालापेक्षा वर पैसे देतात, आणि त्या जादा पैशाला कुठलाच फॉर्म भरावा लागत नाही.

आणि घाणा. इथे मी तुला थांब म्हणणार. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना आहे, 2020 मधे सुरू झालेली, त्यात खर्चाच्या 35 टक्के आणि जास्तीत जास्त 10 लाख मिळतात, तेलघाणा त्यात बसतो, आपले किमान 10 टक्के आणि बाकी बँकेचं कर्ज. ऐकायला छान. पण सात क्विंटल शेंगा म्हणजे फोडून साधारण पाच क्विंटलच्या आत दाणे, आणि घाण्यावर शंभर किलो दाण्यांतून चाळीस किलोच्या आसपास तेल. तुझ्या घाण्याला वर्षातून जेमतेम आठवडाभराचं काम, बाकी एकावन्न आठवडे हप्ता चालू. सबसिडी 35 टक्क्यांवर आहे, उरलेले 65 टक्के तुझे आहेत हे कुणी ओरडून सांगत नाही. घाणा घालायचाच असेल तर तो खोबऱ्यावर उभा राहिला पाहिजे, आपल्याकडे माड आहेत, घराघरात खोबरेल लागतं, जेवणातही आणि केसांनाही, आणि भुईमूग त्याच्या जोडीला सीझनमधे. गावातल्या बायकांचा सेल्फ हेल्प ग्रुप असेल तर त्यांना याच योजनेतून सभासदामागे 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळू शकतं, तो रस्ता तुझ्या एकट्याच्या कर्जापेक्षा मला जास्त पटतो. पहिली दोन वर्षं दुसऱ्याच्या घाण्यावर गाळून आण आणि विकून बघ.

किसान क्रेडिट कार्ड मात्र जरूर काढ. वेळेवर फेडलंस तर 3 लाखांपर्यंत चार टक्क्यांनी पडतं आणि 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंत तारण लागत नाही. सबसिडी उशिरा येते, पैसे आधी लागतात, ही मधली दरी भरायला सोनं गहाण ठेवण्यापेक्षा हे बरं.

विमा, भुईमूग त्या हंगामाच्या अधिसूचनेत आपल्या भागासाठी असेल तर रब्बीला विमा रकमेच्या फक्त दीड टक्का आपण भरायचा. नुकसान झालं तर 72 तासांत कळवायचं, फोटोसकट, चौथ्या दिवशी कुणी ऐकत नाही. जंगली जनावरांनी केलेलं नुकसान 2026 च्या खरिपापासून या विम्यात जोडता येईल असं केंद्रानं जाहीर केलंय, ते आपल्या राज्यात कुठल्या पिकांना लागू होतं ते रब्बीच्या वेळी विचारून ठेव, आमच्यासाठी ते सगळ्यात मोठं काम होईल.

पीएम किसानचे वर्षाला 6,000 वडलांना मिळतायत का तेही बघ. जमीन 1 फेब्रुवारी 2019 च्या आधीपासून नावावर असणं हा नियम आहे, नंतर आलेली असेल तर ती वारसानंच आलेली असावी लागते. म्हणजे परत तोच एक-चौदा आणि तेच म्युटेशन.

तू लिहिलंस की काका म्हणतात कशाला राबतोस, विकून टाक, एअरपोर्टमुळे भाव आलाय. तुमचं वायंगण भातशेतीत धरलेलं असेल तर 2023 च्या कायद्यानं शेतकरी नसलेल्याला ते विकता येत नाही, हे त्यांना शांतपणे सांग. पण मला त्याहून जास्त हे वाटतं की पाच वर्षं पड राहिलेल्या शेतात एकदा भुईमूग उभा राहिला की जमीन सुधारते, मुळांवरच्या गाठी नत्र सोडतात, पाला गुरांना जातो, आणि पुढच्या पावसाळ्यातलं भात वेगळंच दिसतं. पड शेतात यंदा लव्हाळा आणि हरळी असणार, ऑक्टोबरात दोनदा नांगर. पहिल्या वर्षी सगळं चार हजार मीटर घेऊ नकोस, शिफ्ट सांभाळून निम्मं कर, दोन हजार मीटरला वीस-पंचवीस किलो दाणे पुरतात आणि राखण पण होते.

सोमवारी सुट्टी असेल तर एक-चौदा काढून ये आणि कुळाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते मला कळव, आजोबांचं असेल तर ना हरकतीचा मसुदा मी लिहून देतो, आत्यांची गावं पण सांग म्हणजे सह्यांना किती दिवस लागतील त्याचा अंदाज येईल.